हॉटेलवाला दाखला मागतोय: शेततळ्यातल्या माशांचं काय लिहून द्यायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. जत तालुक्यात द्राक्षबागेला लागून तुमचं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, कागद अंथरलेलं शेततळं आहे. ऑगस्टमध्ये रोहू, कटला आणि थोडे पंगस सोडलेत, मार्चमध्ये काढायचेत. मिरजेतला एक हॉटेलवाला दर आठवड्याला माल उचलायला तयार आहे, पण म्हणतो, "मासा सेफ आहे असा कागद द्या." कोणती टेस्ट करायची, फॉर्मॅलिनची (मासा टिकावा म्हणून लावतात त्या रसायनाची) की आणखी कसली, आणि शेजारच्या पोल्ट्रीचं खत तळ्यात टाकलं तर चालतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी वीसेक वर्षं खानापूर-आटपाडीकडे तळी करतो आणि विटा, कऱ्हाड, मिरज इथे माल पोचवतो. त्या अनुभवावरून सांगतो. तुमचं पाणी म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आहे, बोअरचं आहे की नुसतं पावसाचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे, ते पुढे येईलच.

फॉर्मॅलिनचं आधी उरकतो, कारण त्याची भीती सगळ्यात मोठी आणि तुमच्यासाठी सगळ्यात कमी कामाची. २०१८ साली गोव्यात आणि केरळात त्यावरून मोठा गाजावाजा झाला, तेव्हापासून गिऱ्हाईक माशाचा वास घेण्याआधी हा शब्द उच्चारतं. फॉर्मॅलिन लावायचा मोह होतो तो चार-पाच दिवसांच्या प्रवासाच्या मालाला. तुमचा मासा पहाटे जाळ्यात येणार आणि दुपारच्या आत मिरजेत असणार. बर्फाचे पैसे वाचवायला कुणी ते लावत असेल तर तो वाटेतला माणूस असेल, तुम्ही नव्हे. कोचीच्या सीआयएफटी या मत्स्य-तंत्रज्ञान संस्थेची कागदी पट्टीची चाचणी आहे. हॉटेलवाल्याला हवी तर त्याने ती स्वतः करावी. एक लक्षात ठेवा, काही समुद्री माशांत, विशेषतः बोंबलात, हे द्रव्य मुळातच तयार होतं. त्यामुळे पट्टीचा रंग बदलला म्हणजे कुणी लबाडी केलीच, असं लगेच ठरवता येत नाही.

आता खरा प्रश्न. तुम्ही टेस्ट विचारताय, आणि टेस्ट सांगते त्या एका माशाचं, त्या एका दिवसाचं. हॉटेलवाला माल उचलणार दर आठवड्याला. जी गोष्ट त्याला खात्रीने हवी आहे ती प्रयोगशाळेत मिळत नाही, ती तुमच्या वहीत मिळते. तळ्यात काय पडलं, कुठल्या तारखेला पडलं आणि त्यानंतर किती दिवसांनी मासा काढला, एवढंच त्या वहीत हवं. तुम्ही द्राक्षवाले, रेसिड्यू म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सीसीसीचा, अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, ते दिवस तुमच्या भागातला माणूस विसरलेला नाही. तेव्हापासून काढणीआधी किती दिवस फवारा बंद ठेवायचा, हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहे. तोच माणूस बांध ओलांडून तळ्याकडे आला की ही सगळी शिस्त बांधापलीकडेच ठेवून येतो. मीही ठेवली होती.

झालं असं. आमचा ब्लोअरचा, म्हणजे फवारणी यंत्राचा, ट्रॅक्टर तळ्याच्या बांधावर उभा. गड्याने तळ्यातलं पाणी उचलून टाकी भरली, औषध आधीच ओतलेलं होतं, नळीचं तोंड टाकीच्या तळाशी बुडालेलं. चहा आला म्हणून पंप बंद केला. नळीत पाणी भरलेलं, टाकी वर, तळं खाली. औषधाचं पाणी आल्या वाटेने परत तळ्यात जायला लागलं. दुपारपर्यंत मासे पाठीवर.

हिशेब करून बघा. तुमच्या आकाराच्या तळ्यात साधारण २० लाख लिटर पाणी धरा. ६०० लिटरच्या टाकीत ५ टक्क्यांचं लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक लिटरला अर्धा मिली या हिशेबाने घातलंय. त्यातलं १०० लिटर उलटं आलं तर ५० मिली औषध, म्हणजे अडीच ग्रॅम मूळ विष तळ्यात गेलं. २० लाख लिटरमध्ये ते लिटरला सव्वा मायक्रोग्रॅम भरतं. ऐकायला काहीच नाही. पण या गटातल्या औषधांना मासा इतका नाजूक असतो की प्रयोगशाळेत कित्येक जाती एका मायक्रोग्रॅमच्या आतच मरतात. तळ्यात काही औषध गाळाला, शेवाळाला चिकटून कमी होतं, पण त्या भरवशावर राहू नका.

आणि या गोष्टीतला खरा धोका मेलेल्या माशांचा नव्हताच. त्या दिवशी संध्याकाळी एक व्यापारी आला. मला म्हणाला, "मासा आत्ताच मेलाय की. डोळा बघा, कल्ला बघा. निम्म्या भावात देऊन टाका, माझी मी वाट लावतो." त्याचं दिसण्याबाबत खोटं नव्हतं. डोळे चमकत होते, कल्ले लालभडक होते, बाजारात कुणीही ताजा म्हणूनच घेतला असता. ताजेपणाच्या सगळ्या खुणा मासा कुजलाय का एवढंच सांगतात, तो कशाने मेला ते सांगत नाहीत. आम्ही खड्डा काढून चुना टाकून पुरले. घरात दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगतो, टेस्टच्या आधीचं. ब्लोअर तळ्यावर भरायचा बंद करा. तळ्यातून पाणी आधी एका हौदात किंवा बॅरलमध्ये घ्या आणि तिथून टाकी भरा. भरणाऱ्या नळीचं तोंड टाकीच्या पाण्यात बुडू देऊ नका, वर वीतभर हवा राहू द्या. तेवढी हवा असली की उलटं ओढलं जात नाही, त्याला कुठला महागडा व्हॉल्व्ह लागत नाही. टाकी धुतलेलं पाणी कुठे ओतायचं ती जागा तळ्याच्या उताराकडे नको. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी जी फवारण्यांची रांग लागते ती नेमकी तुमचे मासे वाढायच्या दिवसांत येते. तळ्याकडच्या शेवटच्या दोन-तीन ओळी वारा तळ्याकडे वाहत असताना फवारू नका. मोरचुदाबद्दल, म्हणजे तांब्याच्या बुरशीनाशकाबद्दल, विचाराल तर जतकडचं पाणी जड असतं, आणि जड पाण्यात तांब्याचा माशाला होणारा त्रास कमी होतो. पण कमी होतो, संपत नाही.

दुसरं, माशांची औषधं. अंगावर लाल चट्टे आले, शेपूट झडायला लागली, की आपण दुकानात जातो आणि दुकानदार कोंबड्यांचं किंवा जनावरांचं जे शिल्लक असेल ते हातात ठेवतो. मला एकाने एन्रोफ्लोक्सासिनची बाटली अशीच दिली होती, "सगळ्याला चालतंय" म्हणून. हे चालत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान, आणि एन्रोफ्लोक्सासिन ज्या गटातलं आहे तो गट, ही मत्स्यपालनात वापरायला बंदी असलेली नावं आहेत. हिरवा रंग म्हणून बुरशीसाठी देतात ते मॅलाकाइट ग्रीनही तसंच. त्याचा अंश माशाच्या मांसात रेंगाळतो. ऑक्सिटेट्रासायक्लिन चालतं, पण मांसात त्याचा अंश किलोला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि तेही जनावरांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

किती दिवस थांबायचं? गाईला इंजेक्शन टोचल्यावर तिचं दूध डेअरीला घालत नाही, तेच इथे. औषधावर माशासाठी दिवस छापलेले असतील तर ते पाळा. नसतील तर युरोपात वापरतात तो आडाखा मी धरतो. पाण्याचं तापमान आणि दिवस यांचा गुणाकार किमान ५०० व्हावा. पाणी २५ अंश असेल तर २० दिवस, थंडीत २० अंशांवर आलं तर २५ दिवस. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं शरीरही औषध सावकाश बाहेर टाकतं. थंडीत मासा "निवांत" दिसतो म्हणून लवकर काढला, असं करू नका.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर दहातल्या आठ वेळा औषध लागतच नाही. चट्टे येतात ते पाणी बिघडल्यामुळे. खाद्य जास्त पडतं, तळाला कुजतं, पहाटे ऑक्सिजन खाली जातो, मासा अशक्त होतो आणि मग रोग येतो. खाद्य दोन-तीन दिवस निम्मं करा, थोडं पाणी बदला, चुना द्या, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर मोटर लावून पाणी वरून पाडा. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवल्यावर तळवा दिसेनासा झाला तर पाणी जास्त हिरवं झालंय असं समजा. त्या हिरवटपणातली काही शेवाळं माशाला चिखलट वास आणतात. तो वास अपायकारक नसतो, पण हॉटेलवाला दुसऱ्या आठवड्यापासून फोन उचलणार नाही. तसा वास आला तर मासे चार-सहा दिवस स्वच्छ बोअरच्या पाण्याच्या हौदात, खाद्य न देता ठेवा.

पोल्ट्रीचं खत. तुम्हाला "टाका" असं सांगणारे बरेच भेटतील, कारण त्याने पाण्यात कटल्याचं नैसर्गिक खाद्य वाढतं हे खरं आहे. पण ताज्या विष्ठेबरोबर दोन गोष्टी येतात. एक साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू, दुसरी कोंबडीला खाद्यातून दिलेल्या औषधांचा उरलेला भाग. म्हणजे तुम्ही स्वतः एकही औषध न देता तुमच्या माशात औषध निघू शकतं, आणि कुठून आलं हे तुम्हाला सांगताही येणार नाही. हॉटेलला माल द्यायचा असेल तर माझं उत्तर: नको. टाकायचंच असेल तर पूर्ण कुजवलेलं, वाळलेलं, सुरुवातीच्या महिन्यांत, आणि काढणीच्या दोन महिने आधी बंद. मेलेल्या कोंबड्या पंगसांना घालणारे लोक मी पाहिलेत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुमचं तळं तुमच्या गिऱ्हाइकाने येऊन बघावं असं वाटत असेल तर तुम्हीच ठरवा. शेंगपेंड वापरत असाल तर ती जमिनीवर पोत्यात ठेवू नका, फळीवर ठेवा. ओल लागून बुरशी आलेली पेंड म्हणजे अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष.

पाण्याचं तसंच. नुसतं पावसाचं आणि बोअरचं असेल तर फार विचार करू नका. म्हैसाळचं असेल तर ते कृष्णेचं आहे, आणि कृष्णेत साखर कारखान्यांच्या मळीमुळे मासे तरंगताना सांगलीकरांनी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलेत. ते तरंगणारे मासे गोळा करून पाट्या भरणारेही पाहिलेत. योजनेचं पाणी सुरू झाल्या झाल्या पहिल्या दिवशी तळ्यात घेऊ नका, दोन दिवस जाऊ द्या, वास आणि रंग बघा. आणि नदीवर मासे मेल्याची बातमी असेल त्या आठवड्यात तर मुळीच घेऊ नका.

टेस्ट आता इथे येते. पहिल्या काढणीच्या पंधरा दिवस आधी दोन-तीन मासे बर्फात घालून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवा. द्राक्षाचे नमुने जातात त्याच प्रयोगशाळेत विचारा, माशाचं करतात का ते. कीटकनाशकांचे अंश आणि अँटिबायोटिक, एवढं बास. पाणी नदीचं असेल तर जड धातूही घाला. अहवाल चांगला आला तर तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. दर आठवड्याला टेस्ट करत बसू नका, त्यात तुमचा नफा जाईल आणि हॉटेलवाल्याला नवीन काही कळणार नाही.

जाळं टाकल्यावर दिवसांचा हिशेब संपतो आणि तासांचा सुरू होतो. इथे आपली माणसं सगळ्यात जास्त चुकतात. काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करा, म्हणजे पोट रिकामं राहतं आणि माल लवकर खराब होत नाही. पहाटे काढा. जाळ्यातून काढलेला मासा बांधावर तडफडत ठेवू नका. दोन भाग बर्फ आणि एक भाग पाणी अशा मिश्रणात थेट टाका. तिथेच तो मरतो आणि तिथेच गार होतो. दोन किलोचा कटला आतून गार व्हायला तासापेक्षा जास्त लागतो, वरून हात लावून गार वाटला म्हणून फसू नका.

बर्फ किती? वजनाला वजन. लोक म्हणतात एवढा कशाला. १०० किलो मासे ३० अंशांवरून शून्याजवळ आणायला सुमारे ३० किलो बर्फ वितळतो, हे साधं गणित आहे. उरलेला ७० किलो वाटेतल्या उन्हाशी, टेम्पोच्या पत्र्याशी आणि उशिराशी भांडायला लागतो. एका एप्रिलात कारखान्याला वीज नव्हती म्हणून ४०० किलो माशांना मी १२० किलो बर्फावर कऱ्हाडला पाठवलं. कडेगावच्या पुढे टेम्पो पंक्चर. पोचेपर्यंत खालच्या क्रेटमधल्या माशांची पोटं फुटली होती. व्यापाऱ्याने निम्मा माल परत केला, निम्मा ठेवून घेतला. तो निम्मा कुणी खाल्ला, त्यांचं काय झालं, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. २०१८ पासून आपल्याकडे नियम आहे की खाण्यालायक नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा. पण पांढरा दिसला म्हणजे चांगलाच असं समजू नका, कारखान्याचं बिल घ्या आणि वहीत ठेवा. लादी गोणपाटावर रस्त्यात ठेवून फोडू नका. थर लावताना बर्फ, मासा, बर्फ, आणि पेटीच्या तळाला भोक, म्हणजे रक्ताचं पाणी साचत नाही.

जाता जाता एक. हॉटेलवाला तुमच्याकडून रोहू घेतो आणि कोकणातून आंबा घाटाने आलेला बांगडा दुसऱ्याकडून घेतो. त्याला सांगा की दोन्हींची भीती वेगळी आहे. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही तळलं, कितीही उकळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं आणि लोक "मासे सोसले नाहीत" म्हणून सोडून देतात. तुमच्या माशातले जंतू नीट शिजवल्यावर मरतात. शिजवून न जाणारी गोष्ट तुमच्याकडे असेल तर ती औषधाची आणि फवाऱ्याची, म्हणूनच वर मी त्यावर एवढी पानं घालवली.

आता कागद. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला त्याच्या शेतावरच्या कामापुरती सूट आहे. तुम्ही बांधावर अख्खा मासा विकला तर परवाना लागत नाही. पण उद्या मिरजेत गाळा घेऊन मासे कापून विकायला बसलात, किंवा दुसऱ्याचा माल घेऊन पोचवायला लागलात, तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागेल. हॉटेलवाल्याला परवाना आहे, त्याला माल कुठून आला हे दाखवावं लागतं, म्हणून तो मागतोय. त्यात त्याची काही लबाडी नाही.

"मासा पूर्ण सुरक्षित आहे" असं मात्र लिहून देऊ नका. ते तुम्हालाच काय, कुणालाच माहीत नसतं. प्रत्येक खेपेबरोबर साधी चिठ्ठी द्या. तळ्याचं गाव, काढल्याची तारीख आणि वेळ, बर्फात घातल्याची वेळ, मासा आणि बर्फाचं वजन, तळ्यात शेवटचं औषध कोणतं आणि कधी, बागेत तळ्याकडच्या बाजूला शेवटचा फवारा कोणता आणि कधी. खाली सही. औषध दिलं नसेल तर "दिलेलं नाही" असं लिहा, रकाना मोकळा सोडू नका. मी अशा चिठ्ठ्या द्यायला लागलो तेव्हा एक हॉटेलवाला हसला होता. पुढे त्याच्याकडे कुणीतरी तक्रार केली, तेव्हा त्याने माझीच चिठ्ठी काढून दाखवली आणि त्या दिवशीचा मासा दुसऱ्याकडचा होता हे पाच मिनिटांत निघालं.

आणि तळ्यात जो मासा मेलेला सापडेल तो, कितीही ताजा दिसो, त्या पेटीत जाता कामा नये. हे गड्यालाही स्पष्ट सांगून ठेवा, कारण पहाटे जाळ्यावर तुम्ही असालच असं नाही.

पाणी कुठलं आहे ते कळवा. आणि या आठवड्यात एक दिवस पहाटे पाचला उठून मासे वर येऊन तोंड काढतात का बघा. काढत असतील तर टेस्टचे पैसे तूर्त राहू द्या, आधी एरेटर घ्या.